तळहातावरचा चुना

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी पंचवीस वर्षे चुना मोजण्यात गेली. मिलमधून निघणारा कच्चा रस आंबटसर असतो. त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा दाखवणारा आकडा (सातच्या खाली आंबट, वर अल्कली), सव्वापाच ते साडेपाचच्या आसपास भरतो. त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा वायू सोडून तो सातच्या किंचित वर आणला की मळ खाली बसतो आणि वर निवळ रस उरतो. चुना कमी पडला तर रसातल्या साखरेचे विघटन होऊन उताऱ्याचा, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा, हिशेब बिघडतो, जास्त पडला तर रस काळवंडतो; म्हणून दर तासाला नमुना काढायचा, पीएच पाहायचा, वहीत आकडा लिहून सही करायची, हे माझे काम. त्याच पंचवीस वर्षांत, जवळजवळ त्याच तासातासाच्या अंतराने, मी डाव्या तळहातावर दुसरा चुना मळत होतो, आणि तंबाखूला तो नेमका कशासाठी लागतो हा प्रश्न मला केमिस्ट असूनही कधी पडला नाही.

आमचा भाग कागल तालुक्याचा. निपाणी जवळच असल्यामुळे तंबाखूच्या वखारी, त्यांतून बाहेर येणारा ठसकेबाज वास आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांत काम करून डोके गरगरत घरी येणाऱ्या बायका हे सगळे लहानपणापासून पाहिलेले. ओल्या पानांतले निकोटीन कातडीतून अंगात शिरते आणि त्यामुळे ओकाऱ्या होतात, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा ‘ऊन लागले असेल’ एवढेच सगळे म्हणत. वांग्यावर मावा ही कीड पडली की वडील तंबाखूच्या देठांचा काढा करून फवारत आणि मावा पटापट मरत असे. निकोटीन हे झाड मुळांत तयार करते आणि किड्यांपासून बचावासाठी पानांत साठवते. त्या काढ्याने दोन दिवसांत साफ होणारी वांगी मी पाहिली होती, तरी वडील काढ्याची बादली विसळून झाल्यावर त्याच तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवत, यात आम्हा कोणालाच काही विसंगत वाटले नाही. आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून मिश्री करी. मिश्री लावल्याशिवाय तिचे डोळे उघडत नसत. घरात कोणी व्यसनी नव्हते, असे मी शपथेवर सांगितले असते.

मी स्वतः पहिल्यांदा खाल्ली ती एकविसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्याच हंगामात, रात्री आठ ते पहाटे चारच्या पाळीत. दीडच्या सुमारास पेंगत असताना पाळीतल्या एका वयस्क काकांनी तळहात पुढे केला आणि म्हणाले, “घे की रं, झोप उडंल.” झोप उडाली ती अशी : आधी उचकी लागली, मग तोंडाला पाणी सुटले, कानशिले धडधडू लागली, हातापायांना गार घाम फुटला आणि दहा मिनिटांत मी बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगामागे वाकून ओकत होतो. “तंबाखू लागली त्याला,” म्हणून सगळे हसले. लागली हा शब्द किती अचूक आहे ते आज समजते. आपल्या मज्जातंतूंच्या सांध्यांवर अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या आपल्याच रसायनासाठी बसवलेले रिसेप्टर, म्हणजे ते रसायन धरून घेणाऱ्या जागा, असतात. निकोटीनचा रेणू त्यांत बेमालूम बसतो. हे रिसेप्टर मेंदूत आहेत, हृदय आणि आतडी चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठींवर आहेत, स्नायूंवर आहेत आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतही आहेत. म्हणून एकाच चिमटीने पोट, नाडी, घाम आणि डोके ही चारही खाती एकदम हलतात. मौज अशी की पेशीवर असे काही ‘ग्रहण करणारे द्रव्य’ असले पाहिजे ही कल्पना केंब्रिजच्या लँग्ली या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली मांडली ती निकोटीनचेच प्रयोग करताना. तेव्हा रिसेप्टर या कल्पनेच्या उगमाशीच तंबाखू बसलेली आहे.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून ओकारी थांबली. शरीर सरावले असे मी समजलो आणि त्याचा मला अभिमानही वाटला.

पुढे दिवसाची घडी तंबाखूभोवती बसत गेली. सकाळी उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली चिमूट. तिच्याशिवाय परसाकडला होत नसे, आणि हे माझ्या एकट्याचे नाही, आमच्याकडच्या निम्म्या खाणाऱ्यांचे हेच रडगाणे आहे. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना निकोटीन चालना देते. वर्षानुवर्षे ती चालना बाहेरून मिळत राहिली की आतडे तिची वाट पाहायला शिकते. मग चहानंतर, जेवणानंतर, नमुना घेण्याआधी, नमुना घेतल्यानंतर असे दिवसाला बारा-पंधरा बार होत. विडी-सिगारेटचे निकोटीन फुप्फुसांतून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. ओठाखालच्या तंबाखूचे हळूहळू चढते, अर्ध्या तासाच्या सुमारास टोकाला पोहोचते आणि बराच वेळ तिथेच रेंगाळते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. यकृत त्याचे कोटिनीन नावाचे दुसरे द्रव्य करून टाकते आणि रात्रभराच्या झोपेनंतर सकाळी रक्त जवळजवळ कोरडे पडलेले असते. सकाळची पहिली चिमूट सगळ्यात गोड का लागते, याचे उत्तर त्या कोरडेपणात आहे.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत दाढ दुखते म्हणून कोल्हापूरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी दाढेकडे पाहिले ते नंतर. आधी खालचा ओठ बाहेर ओढून आरशात मलाच दाखवला. जिथे मी रोज बार धरत होतो नेमकी तिथली त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली, भिजलेल्या बोटासारखी झाली होती. त्या म्हणाल्या, “हा चट्टा तंबाखू सोडल्यावर बहुतेक वेळा काही आठवड्यांत जातो. नाही गेला तर तुकडा काढून तपासावा लागेल. आज मी तुम्हाला घाबरवत नाही, पण दोन महिन्यांनी पुन्हा बघणार आहे.” त्यांनी रक्तदाबही मोजला : १४४ आणि ९२. नाडी ८८. मी बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो आणि, खरे सांगतो, सगळ्यात आधी तंबाखूच मळली.

दुसऱ्या सोमवारी डबी गटारात टाकली. कसलीही तयारी नाही, कोणाला विचारणे नाही. मनाचा निग्रह केला की झाले, अशी आपल्याकडची समजूत आहे आणि ती मीही बाळगून होतो. पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोक्यात कापूस भरल्यासारखे झाले. ब्रिक्सचा (रसात विरघळलेल्या घन द्रव्यांचा) आकडा पोलच्या (साखरेच्या) रकान्यात लिहिला, तो खोडून पुन्हा तिथेच लिहिला. नमुने आणणाऱ्या पोरावर त्याने बाटली जरा जोरात ठेवली म्हणून असा ओरडलो की सगळी प्रयोगशाळा गप्प झाली. रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी छातीत काहीतरी दाटून आल्यासारखे होऊन विनाकारण डोळे भरून येऊ लागले. सोडल्यानंतरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतो आणि तिथून उतरत दोन ते चार आठवड्यांत निवळतो, हे त्या वेळी मला कोणी सांगितले असते तर कदाचित चौथा दिवस दिसला असता. तो दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दहा वाजता गेटबाहेरच्या टपरीवर पुडी फाडली आणि पाच मिनिटांत जग पुन्हा जागच्या जागी बसले.

त्या पाच मिनिटांना मी पंचवीस वर्षे सुख म्हणत आलो होतो. मेंदूच्या तळाशी काही पेशी आहेत, त्यांच्यावर निकोटीन बसले की त्या पुढच्या भागात डोपामिन सोडतात आणि ‘हे चांगले होते, हे पुन्हा कर’ अशी नोंद मेंदूच्या वहीत होते. पण रोजच सतत निकोटीन मिळू लागले की रिसेप्टर बधिर होतात, आणि मेंदू ती तूट भरून काढायला त्यांची संख्या वाढवतो. मग निकोटीन उतरले की ते सगळे जास्तीचे रिसेप्टर जागे होऊन रिकाम्या तोंडाने ओरडू लागतात. त्या ओरड्याचे नाव तलफ. म्हणजे चिमूट ठेवल्यावर मला जे मिळत होते ते बहुतांशी आधीच्या चिमटीने उभ्या केलेल्या कर्जाचे व्याज होते. कारखान्याकडून उचल घेतलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

एप्रिलमध्ये गाळप बंद झाले आणि मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. चट्टा तसाच होता. या वेळी त्यांनी निकोटीनचे च्युइंगगम लिहून दिले. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते म्हणजे अवलंबित्व जास्त, म्हणून ४ मिलिग्रॅमचे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे त्याहून विरळ. मी चक्रावलो. ज्याची सवय सोडायची तेच औषध म्हणून कसे घ्यायचे? गावातल्या मित्रांनी तर ‘दारू सोडायला ताडी’ म्हणून यथेच्छ टिंगल केली. बाईंनी मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, आणि ती फारशी कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहितो : सवय लावते ते निकोटीन, तोंडाचा कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूतल्या नायट्रोसामाइन्ससारख्या दुसऱ्या द्रव्यांमुळे. निकोटीन निरुपद्रवी नाही, ते नाडी आणि रक्तदाब वाढवते, पण गममधून ते थोडे, मोजून आणि उतरत्या क्रमाने मिळते, आणि बाकीची घाण त्यात नसते.

पहिले दोन दिवस ते गम मी लहान मुलासारखे चघळत राहिलो. उचक्या लागल्या, घसा जळजळला, छातीत आंबट आले आणि तलफ मात्र तशीच. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक इतकी वर्षे फाडून फेकत आलो होतो, त्यावर शेवटी फोन केला. समुपदेशकाने आधी माझ्या चघळण्याची पद्धत विचारली. सात-आठ वेळा हळू चावायचे, तोंडात चुरचुरले की गालाच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचे, चुरचुर संपली की पुन्हा चावायचे. गिळलेले निकोटीन पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथेच त्याचा बराचसा भाग संपतो. उचकी तेवढी माझ्या वाट्याला येत होती. मग त्यांनी विचारले, “गमच्या आधी चहा घेता का?” घेत होतो, दर वेळी. चहा, कॉफी, सरबत यानंतर पंधरा मिनिटे गम घेऊ नये, आंबट तोंडात ते शोषले जात नाही, असे ते म्हणाले.

आंबट तोंडात शोषले जात नाही. हे वाक्य ऐकून मी फोन हातात धरूनच बसलो.

दुसऱ्या दिवशी बंद हंगामातल्या रिकाम्या प्रयोगशाळेत गेलो. एका चंचुपात्रात ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात चिमूटभर कोरडी तंबाखू ढवळली : पीएच ५.६, आपल्या कच्च्या उसाच्या रसाजवळचाच. दुसऱ्यात तेवढीच तंबाखू, पण नेहमीसारखी चुना लावून मळलेली : ९.७. मग टेबलाशी बसून कागदावर गणित केले. निकोटीन अल्कली गुणाचे आहे. पीएच ८ ला त्याचे निम्मे रेणू प्रभार घेऊन बसलेले असतात आणि निम्मे मोकळे असतात. प्रभारित रेणू ओठाच्या आतल्या पातळ आवरणातून सहज पलीकडे जात नाही, मोकळा रेणू जातो. पीएच ७ ला मोकळे जेमतेम ९ टक्के, ९ ला ९१ टक्के, आणि माझ्या मळलेल्या तंबाखूत जवळजवळ सगळेच. म्हणजे चुना हा चवीसाठी नव्हता, ‘उष्ण-थंड’ जुळवण्यासाठी नव्हता. तो निकोटीनचे कुलूप काढून देत होता. रसातली साखर वाचावी म्हणून मी जे तंत्र पगार घेऊन वापरत होतो, तेच तंत्र, कुठलेही मीटर न वापरता, फक्त अंगठ्याने, आमच्या आजोबा-पणजोबांनी तळहातावर बसवले होते. मला राग यायला हवा होता, पण खरे म्हणजे थोडे कौतुकच वाटले. त्या दिवसापासून चहा आणि गम यांची वेळ मी पाळीच्या वेळापत्रकासारखी पाळली, आणि गम खरोखर लागू पडू लागले.

मे महिना सोपा गेला असे नाही. पहिले दहा-बारा दिवस शौचाला साफ होत नव्हते. रात्री कोमट पाणी आणि इसबगोल, सकाळी चालणे, असे करून आतड्याला त्याचे स्वतःचे काम पुन्हा शिकवावे लागले. भूक इतकी वाढली की रात्री अकराला उठून मी शेंगदाणे-गूळ खात असे. निकोटीन भूक दाबून ठेवते, ते गेले की दाबलेले वर येते. बारा आठवड्यांत माझे वजन साडेतीन किलो वाढले. स्वप्ने फार पडू लागली आणि बहुतेक स्वप्नांत मी तंबाखू खाल्लेली असे. दचकून उठल्यावर ओठाखाली जीभ फिरवून खात्री करून घ्यायचो. एकदा पहाटे तीनला असाच उठून बसलेलो पाहून बायको म्हणाली, “अहो, खाल्ली असली तरी सांगा, मी रागावणार नाही.” तिचा विश्वास बसवायला मला दोन दिवस लागले. एक अनपेक्षित गोष्टही झाली : बोटांची टोके, जी माझी कायम गार असत आणि मी ज्याला प्रकृती समजत होतो, ती उबदार राहू लागली. निकोटीनमुळे अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात आणि कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दिवसातून पंधरा वेळा त्या आकसत असतील तर बोटे गार राहणारच.

तलफ आली की ती किती वेळ टिकते हे मी घड्याळ लावून मोजायला लागलो, कारण मोजणे एवढेच मला नीट येते. बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटे. ती हटवावी लागत नाही, नमुना थंड होईपर्यंत थांबतो तसे थांबावे लागते. जून अखेर ओठ तपासला : चट्ट्याची जागा गुलाबी झाली होती, एका कडेला फिकट रेघ उरली होती, ती ऑगस्टमध्ये गेली आणि तुकडा काढायची वेळ आली नाही. रक्तदाब १३२ आणि ८४, नाडी ७६. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचे गम संपले. आईला हे सगळे सविस्तर सांगितले तेव्हा तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “माझी मिश्री म्हंजे काय तंबाखू न्हवं.” २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि त्यांतले बहुतेक न ओढता तोंडात घेणारे होते; आईसारख्यांना विचारताना मिश्रीचे नाव वेगळे घ्यावे लागले असणार, नाहीतर तिने नक्कीच ‘नाही’ म्हटले असते.

नोव्हेंबरात बॉयलर पेटला. गाळपाच्या दुसऱ्या रात्री, आठ ते चारच्या पाळीत, चुनाकळी विरवण्याच्या ड्रमजवळून जात होतो. गरम ओल्या चुन्याचा तो दमट, तिखट वास नाकात शिरला आणि चार महिने जिचे नावही नव्हते ती तलफ अशी उसळली की तोंडाला अक्षरशः पाणी सुटले. रिसेप्टर काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. मेंदूच्या वहीतली नोंद तशी पुसली जात नाही, आणि माझ्या वहीत पंचवीस हंगामांचा चुना एकाच पानावर लिहिलेला होता. मी घड्याळ लावले नाही. पलीकडे पाळीतला एक जण मळत उभा होता, त्याने सवयीने तळहात पुढे केला, मी सवयीने चिमूट उचलली.

आधी उचकी लागली. मग कानशिले. मग गार घाम. मी चार पायऱ्या उतरून बगॅसच्या ढिगामागे पोहोचलो आणि सेहेचाळिसाव्या वर्षी, एकविसाव्या वर्षी ओकलो होतो त्याच्यापासून वीस पावलांवर, पुन्हा तसाच ओकलो. तिथे वाकलेलो असताना नाडी मोजली, ती ११२ होती. शरीराने सरावलेपण सोडून दिले होते. त्याच्या दृष्टीने मी तंबाखू कधीच न खाल्लेला माणूस होतो. मागून तो पोरगा घाबरून विचारत होता, “सर, काय झालं?” मी म्हणालो, “लागली.” त्याला विनोद वाटला, तो हसला.

तोंड धुऊन, चूळ भरून मी वर आलो. दीडचा नमुना आला होता. त्या तासाच्या नोंदीत रसाचा पीएच ७.१ लिहिलेला आहे आणि पुढे माझी सही आहे. ती जरा वाकडी आली आहे.